बिनतक्रार

ऑफिसात मावशीला सगळे बिनतक्रार म्हणत.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. आजारी माणसांची उस्तवार करायला तिथून घरोघरी बायका पाठवत. खोलीत एक टेबल, टेबलामागे ऑफिसच्या बाई, आणि बाईंच्या कानाला चिकटलेला फोन. त्या फोनवर दिवसभर तक्रारी यायच्या. ही उशिरा येते. ती मोबाइलमध्ये तोंड घालून बसते. तिने आमच्या आजोबांची केळी खाल्ली आणि सालं त्यांच्याच उशाखाली ठेवली. बाई सगळं ऐकून घेत, "हो हो, समज देते मी तिला" म्हणत, आणि फोन ठेवला की समोर बसलेल्या बायकांवर डोळे काढत. मावशीच्या नावाने तो फोन कधी वाजला नव्हता. नवी मुलगी कामाला लागली की बाई मावशीकडे बोट दाखवून सांगत, "हिच्याकडून शिक. केस पांढरे झाले हिचे या कामात, पण एक तक्रार नाही."

बरोबरीच्या बायकांनी मग त्याचं नावच करून टाकलं. त्यात गंमत अशी, की मावशी स्वतःही कधी तक्रार करत नसे.

"बिनतक्रार, आज खिडकीजवळची खुर्ची नाही हं तुला."

"चालेल."

"तुझा चहा गार झाला."

"चालेल."

"बघा, बघा, हिला काहीही चालतं!"

मावशी हसायची. मनातून तिला ते नाव आवडायचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणाच्या हातात चार बांगड्या असतात. हिच्याकडे हे होतं.

घरी मात्र या नावाला कुणी विचारत नव्हतं. मावशीचा नवरा एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा. उभा जन्म त्याने त्या डबीत काढला, लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं आणि "कितवा?" एवढंच विचारायचं. तिथे तोंडातल्या तोंडात राहिलेलं सगळं निवृत्तीनंतर बाहेर पडत होतं. चहा पातळ. उशी उंच. पंखा कुरकुरतो. आणि मावशीचं गुणगुणणं.

हात पाण्यात गेले की मावशी गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला गाणं म्हणता आलं नसतं. शब्द नव्हते. चाल कुठून आली तिलाही माहीत नव्हतं. जरा वर चढायची, एका जागी घोटाळायची आणि उतरून यायची. सुरू झाल्याचंसुद्धा तिला कळायचं नाही. कळायचं ते बाहेरच्या खोलीतून आवाज आल्यावर.

"पुन्हा?"

नवऱ्याला त्यापुढे काही बोलावं लागत नसे. मावशी गप्प व्हायची आणि भांडी नुसती घासायची.

तर अशा या मावशीला ऑफिसच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरणीकडे पाठवलं. खाली दवाखाना, वर घर. डॉक्टरताई एकटी आणि तिची आई. आईला झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं सगळंच्या सगळं गेलं होतं. आजींची खोली दवाखान्याच्या बरोबर वर होती. खिडकीशी पलंग, एक लाकडी खुर्ची, कोपऱ्यात पाय धुवायचं घमेलं. खाली दात कोरायचं यंत्र सुरू झालं की जमिनीतून घूं घूं वर यायची आणि आजी आणि मावशी दोघीही आपोआप ओठ मिटून घ्यायच्या. आजींचे दात मात्र सगळेच्या सगळे शाबूत होते. दाताच्या डॉक्टरच्या आईला ते शोभून दिसायचं.

पहिला आठवडा बरा गेला. मावशी सकाळी आजींचे पाय कोमट पाण्यात सोडून बसायची, बोटांच्या बेचक्या चोळायची, मग केस विंचरायची, मग औषध. औषध कडू होतं, म्हणून वरून चमचाभर मध. आजी तोंड उघडायच्या, मिटायच्या. डोळे हिच्या हातामागून फिरायचे.

एका सकाळी पाय धुऊन झाले, मावशीने घमेलं बाजूला सारलं आणि टॉवेल हातात घेतला.

"तक्‌रार," आजी म्हणाल्या.

मावशीच्या हातातला टॉवेल पाण्यात पडला. ती तशीच जिन्याकडे धावली. "ताई! अहो ताई! आजी बोलल्या!"

डॉक्टरताई खुर्चीतल्या पेशंटला तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत सोडून वर आली. "बोलली? काय बोलली?"

मावशीने सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आजी काय बोलल्या. तिला तो शब्द उच्चारवेना. पण तिच्यावर ती वेळच आली नाही. आजींनी डावा हात उचलला, मावशीकडे पाहिलं आणि परत म्हणाल्या, जीभ जड असली तरी स्वच्छ, "तक्‌रार."

डॉक्टरताई आईच्या गळ्यात पडली. रडली, हसली, आईच्या कपाळाचे मुके घेतले. मग डोळे पुसून सरळ झाली आणि प्रेमाने विचारलं, "कसली तक्रार आहे, आई?"

आणि विचारताना तिने पाहिलं मावशीकडे.

त्या दिवसापासून मावशीची झोप उडाली. आजींना दुसरा शब्द येईना. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो. पण शिल्लक राहायला हाच बरा सापडला! मावशीने पाणी जरा निववलं. पाय काढले, "तक्रार." दुसऱ्या दिवशी जास्त कढत केलं. "तक्रार." केसांना तेल कमी लावलं, मग जास्त लावलं, मग कंगवाच बदलला. कंगवा खाली ठेवला रे ठेवला, की "तक्रार." औषध दिलं, त्यावर मध दिला, चमचा धुवायला वळली, "तक्रार."

औषध कडू आहे, त्याची तक्रार समजू शकते. पण पाय? पाय धुताना तर आजी डोळे मिटून बसत. मग मावशीने ठरवलं, की ज्याच्यावर तक्रार येते ते करायचंच कमी. पाय बुडवले न बुडवले की काढायचे. केस दोन हात मारून बांधून टाकायचे. आणि तोंड बंद. न जाणो, आपलं ते गुणगुणणं होत असेल नकळत. घरी एकाला आवडत नाही, इथे दुसऱ्याला का आवडेल?

"मग? खरं तेच बोलते म्हातारी," घरी नवरा म्हणाला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं."

"तुम्हाला थट्टा सुचते."

"थट्टा कसली. एकदा भेटव मला तिला. आमचं जमेल. हा चहा दाखवतो."

डॉक्टरताई वाईट नव्हती. तिचं विचारणंसुद्धा मऊ असायचं आणि त्यानेच मावशीला जास्त लागायचं. "मावशी, राग मानू नका हं. पाणी फार गरम नसतं ना?" "मावशी, विंचरताना ओढलं जात नाही ना?" एक दिवस ती स्वतःच येऊन लाकडी खुर्चीवर बसली. "तुम्ही करा तुमचं. मी नुसती बसते."

मावशीने तिच्यासमोर सगळं झटपट, मुकाट्याने, परीक्षा दिल्यासारखं केलं. आजी भिंतीकडे तोंड करून होत्या. अवाक्षर नाही.

डॉक्टरताई उठली. मावशीकडे बघून हसली. पण मावशीला तिच्या मनातलं दिसलं. मी असते तेव्हा आईची तक्रार नाही. मी नसते तेव्हा असते.

दवाखान्याच्या जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. आजींच्या चादरी तिथे जात. चादरी देताना मावशी न राहवून त्याच्यापाशी बोलून गेली.

"काय म्हणतात म्हणालात?" इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "तकरार? अहो, मग त्यात ऑफिसचा काय संबंध? आमच्या उर्दूत तकरार म्हणजे भांडण. हुज्जत. माझी आणि माझ्या बायकोची रोज होते. आम्ही काय ऑफिसात जातो?"

"भांडण? माझ्याशी कशाला भांडतील त्या?"

"पडून पडून कंटाळल्या असतील. तुम्ही सारखं आपलं हो आजी, बरं आजी. माणसाला समोरून काही आलं तर जिवंत वाटतं. एकदा भांडून बघा."

दुसरा कुठला सल्ला जवळ नव्हता, म्हणून मावशीने तो घेतला. दुपारी खोलीचं दार लोटलं, पदर खोचला आणि आजींच्या समोर उभी राहिली. भांडायचं कसं ते तिला आठवावं लागलं.

"भांडायचंय ना तुम्हाला, आजी? ठीक आहे. काल तुम्ही उशी खाली टाकलीत. मुद्दाम टाकलीत. मी वाकून वाकून उचलली. माझी कंबर काय फुकटची आहे?"

आजींच्या चेहऱ्याची हलणारी बाजू हसली.

"हसू नका. भांडणात हसतात का कुणी?"

"तक्‌रार!" आजी म्हणाल्या. डोळे चमकत होते.

"आणखी? बरं. त्या दिवशी मी मेहनतीने केस विंचरले, लगेच डोकं उशीवर घासून घोंगडं केलंत त्यांचं. आणि मी जेवायला बसले की तुम्हाला नेमकी कूस बदलायची असते!" मावशी सुटली होती. आजींच्या केसांवरून ती उशीवर, उशीवरून नवऱ्याच्या उशीवर आणि तिथून चहावर गेली. "पातळ म्हणे! स्वतः एकदा करा की! मी काय जन्मभर तुमच्या पायाशीच बसायचं का?" हे तिने नवऱ्याला म्हटलं होतं. पण नवरा तिथे नव्हता. खाली यंत्र बंद होतं, आणि पेशंट तोंड उघडून वर बघत होता.

दार उघडलं. डॉक्टरताई.

"मावशी, तुम्ही आईवर ओरडत होतात?"

"नाही... म्हणजे हो. भांडत होते."

"आईशी?"

"त्यांनाच पाहिजे होतं, ताई. इस्त्रीवाला म्हणाला..."

बोलता बोलता मावशीलाच कळलं, की हे वाक्य कसंही संपवलं तरी वाईटच दिसणार आहे. तिने ते अर्धंच सोडलं.

संध्याकाळी ऑफिसच्या बाईंचा फोन आला. "अगं, तुझ्या नावाचा फोन आला आज. मला आधी राँग नंबर वाटला."

"तक्रार होती?"

"तेच तर कळेना. मी विचारलं, तक्रार आहे का? म्हणाल्या, माझी नाही, माणूस चांगलं आहे. म्हटलं मग? तर म्हणाल्या, आईची तक्रार आहे. म्हटलं काय तक्रार आहे? तर म्हणाल्या, तक्रार. एवढंच. आता मी काय समजायचं?" बाई थांबल्या. मग आवाज खाली आला. "हे बघ, शनिवारपर्यंत कर. सोमवारपासून दुसरी पाठवते. तुला दुसरं घर देईन, चांगलं. मनावर घेऊ नकोस."

मावशी सवयीने "चालेल" म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. सोमवारी ऑफिसात बायका असतील. त्या काही वाईट बोलणार नाहीत. फक्त त्या नावाने हाक मारायच्या थांबतील. आणि आपण करत काय होतो, ते तर तिला अजून कळलंच नव्हतं. चूक कळली असती तर निदान सुधारली असती.

शनिवारी सकाळी ती शेवटच्या चादरी घ्यायला इस्त्रीवाल्याकडे थांबली. टेबलाजवळच्या बाकावर एक मास्तर गाल धरून बसले होते. आत गर्दी होती, म्हणून इंजेक्शन देऊन डॉक्टरताईने त्यांना बाहेर बसवलं होतं. गाल टम्म, अर्धा ओठ बधिर.

"हे बघा, देवच पावला," इस्त्रीवाला म्हणाला. "मास्तर शाळेत अरबी-फारसी शिकवतात. मास्तर, या मावशींना सांगा, तकरार म्हणजे काय. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत एकदम जान आली. त्यांनी ओठ जुळवायचा प्रयत्न केला. ओठ जुळेना. "...उन्हा," ते म्हणाले.

"गुन्हा?" मावशी म्हणाली.

मास्तर जोरजोरात मान हलवायला लागले. "...उन्हा! ...उन्हा!"

"गुन्हाच म्हणतायत," इस्त्रीवाला हळू आवाजात म्हणाला. "हे मलाही नवीन आहे."

मावशी बाकावर टेकली. तक्रार झाली, भांडण झालं, आता गुन्हा. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग इस्त्रीवाल्याच्या पाण्याच्या वाडग्यात बोट बुडवून त्यांनी टेबलाच्या लाकडावर उजवीकडून डावीकडे लिहायला सुरुवात केली. आधी दोन टिंबांचा एक दात, त्याला लागून एक तिरपं डोकं, मग खाली वळलेला एक आकडा, शेजारी उभी काठी आणि काठीच्या पलीकडे परत तस्साच आकडा.

"तकरार," इस्त्रीवाल्याने वाचलं. "तेच तर मी सांगितलं. भांडण."

मास्तरांनी एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर, परत दुसऱ्यावर. मग इस्त्री उचलून एका चादरीच्या एकाच घडीवरून फिरवली, परत आणून फिरवली, परत फिरवली.

"अहो मास्तर, जळेल ती! तीच तीच जागा कशाला पुन्हा..." इस्त्रीवाला थांबला. "पुन्हा?"

मास्तरांनी इस्त्री खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

त्यानंतर ते पुष्कळ बोलले. ओठ लागत नसल्यामुळे प, फ, ब, म ही सगळी अक्षरं गळत होती. ती परत भरून लिहायचं, तर त्यांचं म्हणणं असं होतं: शब्द मूळचा अरबी, आणि अर्थ पुन्हा पुन्हा करणं. फारसीने तो घेतला, तिथेही तेच. तुर्कीत 'तेकरार' म्हणजे सरळ 'परत एकदा'.

"मग आमच्यात भांडण कसं झालं?" इस्त्रीवाल्याला ते लागलं होतं.

"पुन्हा पुन्हा हा अर्थ तुमच्यातही आहे. पुस्तकात आहे. पण मला सांगा, घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोललं तर काय होतं?"

इस्त्रीवाल्याने विचार केला. "भांडण होतं."

"झालं तर."

"आणि आपल्या मराठीत?" मावशीने विचारलं.

"माझा आपला अंदाज सांगतो. समोरचा ऐकत नाही तेव्हा माणूस भांडण सोडून देतो आणि वरच्याला सांगायला जातो." मास्तरांनी गाल सावरला. "शब्द ज्या घरात गेला, त्या घरात जे चाललं होतं ते त्याला चिकटलं."

"मग आमच्या आजींचा यातला कुठला?"

"आजी कुठल्या?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. आतून मास्तरांना हाक आली. टेबलावरचा शब्द इस्त्रीच्या धगीने सुकत आला होता. आधी टिंबं गेली, मग काठी.

मावशी चादरी घेऊन जिना चढायला लागली. डोक्यात गिरणी चालू होती. मास्तर म्हणतात पुन्हा. पण कडू औषधावर कुणी पुन्हा म्हणेल का? आणि पुन्हा असेल तर आपलं नाव काय झालं? बिनतक्रार. जिला कुणी पुन्हा म्हटलं नाही ती? ती मधल्या पायरीवर थांबली. हे नाव ती इतकी वर्षं मिरवत होती.

मास्तरांना खुर्चीत बसवून डॉक्टरताई वर हात धुवायला आली होती. मावशीने दारातूनच विचारलं, "ताई, आजींचं माहेर कुठलं?"

"लांबचं. डोंगरापलीकडचं." डॉक्टरताईने नळ बंद केला. "का हो?"

"त्यांची बोली वेगळी होती?"

"होती. पण मी ती कधी ऐकलीच नाही म्हणा ना. बाबांना आवडायचं नाही. या घरात एकच भाषा, म्हणायचे. आई एकटी असली की काहीतरी पुटपुटायची, मग बाबा बाहेरून खाकरायचे." ती जरा हसली. "मला तिच्यातले तीनच शब्द येतात. पाणी, ये आणि झोप. तुम्ही का विचारताय?"

"असंच," मावशी म्हणाली. सांगण्यासारखं तिच्याकडे काही नक्की नव्हतंच. इस्त्रीवाला म्हणाला, मास्तर म्हणाले. मागच्या वेळचं अर्धं वाक्य तिला अजून टोचत होतं.

डॉक्टरताई खाली गेली. मावशीने घमेल्यात पाणी घेतलं. शेवटचा दिवस. नाव गेलंच होतं, मग आता घाई कशाची? तिने आजींचे पाय पाण्यात सोडले आणि पहिल्या आठवड्यात चोळायची तसे निवांत चोळले. कधी सुरू झालं तिला कळलं नाही, पण ते आतलं वर चढलं, एका जागी घोटाळलं आणि उतरलं. आजींनी डोळे मिटले होते. मावशीने पाय बाहेर काढले.

"तक्‌रार."

मावशीने टॉवेल उचलला नाही. तिने आजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय परत पाण्यात सोडले.

आजींनी परत डोळे मिटले.

मावशीने गुणगुणणं मुद्दाम सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, त्यामुळे सुरुवातीला जमेना. कुठून चढायचं तेच आठवेना. मग जमलं. आजींचा डावा अंगठा पाण्यात हलत होता. ती थांबली.

"तक्‌रार."

परत केलं. परत थांबली. परत तेच. पाणी पार गार झालं तरी तेच. मग मावशीला एक सुचलं. तिने औषधाची बाटली घेतली आणि चमचाभर पाजलं. आजींनी तोंड वेडंवाकडं केलं आणि काहीच म्हटलं नाही. तिने मध दिला. आजींनी जीभ फिरवली.

"तक्‌रार."

"अगं बाई," मावशी म्हणाली, "म्हणजे मधाचं होतं होय!" आणि तिने दुसरा चमचा दिला. मग तिसरा. तिसऱ्यानंतरही आजी तेच म्हणाल्या, तेव्हा मावशीचा जरा गोंधळ उडाला. आजींना पुन्हा हवंय, की त्यांना एवढंच बोलता येतं म्हणून त्या तेवढं बोलतायत? आता हे कुणाला विचारायचं? शब्दाला विचारून उपयोग नव्हता. त्याने आधीच तिघांना तीन उत्तरं दिली होती. ती परत पाण्याकडे वळली, कारण आजी पाण्याकडे बघत होत्या.

डॉक्टरताई दारात केव्हा येऊन उभी राहिली ते दोघींनाही कळलं नाही. हातात रबरी मोजे तसेच होते.

"काय झालं? पुन्हा तक्रार?"

मावशी गुणगुणायची थांबली. आजींनी लगेच मान वळवली, डाव्या हाताने मावशीची बाही ओढली आणि म्हणाल्या, "तक्‌रार!"

"हो, ताई," मावशी म्हणाली. "तक्रार आहे त्यांची."

"कसली?"

"मी थांबते, त्याची."

डॉक्टरताईला ते उमगायला वेळ लागला. ती लाकडी खुर्चीवर बसली. मावशीने अवघडून का होईना, पण तिच्यासमोर पुन्हा सुरू केलं. संपलं. आजी म्हणाल्या. पुन्हा केलं. डॉक्टरताई एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी होती, दाताचं मूळ कुठे लपलं आहे ते शोधताना पडावी तशी.

"लहानपणी मला झोपवताना ती..." ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही. आठवत नाही. बाबा खाकरलेले तेवढे आठवतात." तिने मोजे ओढून काढले. "मी त्या ऑफिसला फोन करते."

मावशीचा हात पाण्यात थांबला. "आता कशाला?"

"तक्रार करायला. सोमवारी दुसरी बाई कशाला पाठवताय म्हणून."

ऑफिसच्या बाईंचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू आला. "अहो डॉक्टर, परवा तक्रार होती, आज तक्रार नाही याची तक्रार! तुमच्या घरात चाललंय काय? एक काय ते नक्की सांगा. ठेवायची की काढायची?"

"ठेवायची," डॉक्टरताई म्हणाली.

"मग तक्रार मिटली असं समजू?"

डॉक्टरताईने आईकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "चालू राहू दे."

संध्याकाळी मावशी घरी आली. नवऱ्याने चहा घेतला, पातळ आहे म्हणाला, प्यायला. ती कपबशा घेऊन आत गेली, नळ सोडला, हात पाण्यात घातले. दिवसभर तेच तेच केल्यामुळे असेल, ते सुरू झाल्याचं आज तिला कळलं.

"पुन्हा?" बाहेरून आवाज आला.

मावशीने नळ बंद केला. लग्न झाल्यापासून ती हा शब्द ऐकत होती. कपातून पाणी गळत होतं.

"हो," ती म्हणाली. "पुन्हा." आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं.

"काय म्हणालीस?"

उत्तर द्यायला तिचं तोंड रिकामं नव्हतं. बाहेरची खुर्ची करकरली. नवरा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, हात मागे बांधून उभा राहिला, चुकीच्या मजल्यावर लिफ्ट थांबली असावी तसा. चाल वर चढली, घोटाळली, उतरली.

संपल्यावरही तो दारातच उभा होता. पुन्हा म्हणेल म्हणून मावशीने ओले हात तसेच धरून थोडी वाट पाहिली.